पत्ता आणि तिथी

फ्लॉरेन्स शहराच्या पश्चिमेला कास्चिने नावाची लांबच लांब बाग आहे. ती संपते त्या टोकाला मुन्योने हा छोटा प्रवाह आर्नो नदीला मिळतो. संगमाजवळ एक छत्री उभी आहे, आपल्याकडे राजघराण्यातल्या समाध्यांवर असते तशी. छत्रीखाली रंगीत अर्धपुतळा आहे: दागिने ल्यालेला, कोवळ्या चेहऱ्याचा तरुण. हे कोल्हापूरचे राजाराम महाराज. 1870 साली इंग्लंडचा दौरा करून, व्हिक्टोरिया राणीला भेटून परतताना ते फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि 30 नोव्हेंबरला तिथल्या हॉटेलात वारले. वय अवघं वीस.

फ्लॉरेन्स त्या वेळी नव्या इटलीची राजधानी होती. देश कॅथलिक, त्यामुळे मेलेल्याला पुरायचं हे इतकं गृहीत की दुसरं काही असू शकतं असा विचारही बहुतेकांच्या मनात येत नसे. महाराजांसोबतच्या मंडळींनी मात्र दहनच हवं, आणि तेही दोन नद्यांच्या संगमावर, असा आग्रह धरला. ब्रिटिश वकिलातीने मध्यस्थी केली, परवानगी मिळाली, आणि रात्रीच्या वेळी आर्नोकाठी सरण पेटलं. अस्थी भारतात नेण्यासाठी कलशात भरल्या गेल्या. चार वर्षांनी तिथे ही छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर चार्ल्स मँटचा, म्हणजे ज्याने पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा आखला त्याचाच.

या पुस्तकाची प्रस्तावना मी त्या संगमापासून सुरू करतो आहे, त्याला कारण आहे. मी कोल्हापूरचा. लहानपणापासून पंचगंगेच्या घाटाशेजारची स्मशानभूमी पाहत आलो. शेणींची रास, धूर, तिसऱ्या दिवशी सावडायला जमणारी माणसं, हे सगळं जगात सगळीकडे असंच असणार असं मला वाटे. मोठेपणी कळलं की माणसाला जाळणं ही जगाच्या मोठ्या भागात एके काळी गुन्ह्याइतकी भयंकर गोष्ट होती, आणि दीडशे वर्षांत त्याच भागातल्या कितीतरी देशांनी कबर सोडून आग स्वीकारली. हा बदल कुणा विजेत्याने लादला नाही, कुणा धर्मप्रचारकाने घडवला नाही. तो कसा झाला आणि त्यात लोकांनी काय मिळवलं, काय गमावलं, हा या पुस्तकाचा विषय आहे.

राजाराम महाराजांच्या चितेमुळे युरोप बदलला असं म्हणणं खोटं ठरेल. आमच्या शहराच्या अभिमानापोटी तसं म्हणायचा मोह होतो, पण तो आवरायला हवा. इतकंच खरं की ती चिता पेटली तेव्हा युरोपात हा प्रश्न आतल्या आत धुमसतच होता. त्याचं मूळ शहरांतल्या दफनभूमींत होतं. लंडनची वस्ती एकोणिसाव्या शतकात इतकी फुगली की चर्चभोवतालच्या छोट्या आवारांत प्रेतांवर प्रेतं पुरली जात. जॉर्ज अल्फ्रेड वॉकर नावाच्या डॉक्टरने 1839 मध्ये या आवारांवर एक पुस्तक लिहिलं. अर्धवट कुजलेली शवं उकरून नव्यांसाठी जागा करणारे कबरखोदे, दुर्गंधी, आजार, सगळं त्याने नोंदवलं. पुढे कॉलरा आला. 1852 च्या कायद्याने लंडनच्या मधोमध पुरणं थांबवायला सुरुवात झाली, आणि 1854 पासून तर वॉटर्लू स्थानकाशेजारून ब्रुकवुडच्या विस्तीर्ण दफनभूमीकडे मृतांसाठी वेगळी आगगाडी धावू लागली. शवपेट्यांचीही वर्गवारी होती, जिवंतपणीच्या डब्यांसारखी. गावाबाहेर जागा मिळाली, पण जागा कधीतरी संपणारच हे शहाण्यांना दिसत होतं.

1873 च्या व्हिएन्ना प्रदर्शनात पादुआचे प्राध्यापक ब्रुनेत्ती यांनी आपली दहनभट्टी मांडली आणि तिच्यातून निघालेली राखही. ती पाहणाऱ्यांत हेन्री थॉम्प्सन हा लंडनचा नामवंत शल्यचिकित्सक होता. 1874 मध्ये त्याने एका मासिकात लेख लिहून दहनाची उघड बाजू घेतली आणि त्याच वर्षी इंग्लंडची दहन संस्था स्थापन झाली. जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांत कादंबरीकार ट्रोलप आणि चित्रकार मिले होते. थॉम्प्सनचे मुद्दे डॉक्टरी होते: स्वच्छता, खर्च, जागा. पण एका मुद्द्याने वाचक हादरले. माणसाच्या हाडांची राख उत्तम खत आहे, आणि देश परदेशातून हाडं विकत आणतो आहे, असा हिशेब त्याने मांडला होता. इंग्रज वाचकाला ते किळसवाणं वाटलं. मला ते वाचताना आमच्याकडची रीत आठवली, तिच्याकडे मी शेवटी येणार आहे.

संस्थेने वोकिंग इथे जागा घेतली, भट्टी बांधली, आणि 1879 मध्ये एका घोड्याचं शव जाळून ती चालते याची खात्री केली. गावकरी खवळले. गृहमंत्र्यांनी माणसाचं दहन करायला मनाई केली, आणि भट्टी काही वर्षं थंड पडून राहिली.

कोंडी फुटली ती वेल्समध्ये, आणि ती फोडणारा माणूस सभ्य समाजाला अजिबात मानवणारा नव्हता. डॉ. विल्यम प्राइस. वय 83. एके काळचा चार्टिस्ट बंडखोर, स्वतःला प्राचीन ड्रुइड पंथाचा पुजारी मानणारा. जानेवारी 1884 मध्ये त्याचं पाच महिन्यांचं मूल वारलं. लँट्रिसंट गावाजवळच्या टेकडीवर त्याने ते जाळायला घेतलं. धूर पाहून लोक धावले, अर्धवट जळलेलं शव बाहेर काढलं, म्हाताऱ्याला पोलिसांनी धरलं. खटला कार्डिफला उभा राहिला. न्यायाधीश जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी निकाल दिला की इंग्लंडच्या कायद्यात प्रेत जाळणं हा गुन्हा नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांना उपद्रव होणार नाही इतकं पाहावं. हेच स्टीफन काही वर्षांपूर्वी व्हाइसरॉयच्या मंडळाचे कायदेसदस्य म्हणून भारतात होते. 1872 चा आपला पुरावा कायदा त्यांनीच रचला, तो 2024 च्या जूनअखेरपर्यंत चालू होता. ज्या देशात प्रेत जाळणं रोजचं आहे तिथे राहून गेलेला माणूस त्या दिवशी कार्डिफच्या न्यायासनावर बसलेला होता. योगायोग म्हणा, पण मला तो लहान वाटत नाही.

पुढच्या वर्षी, 26 मार्च 1885 ला, वोकिंगला पहिलं अधिकृत दहन झालं. त्या अख्ख्या वर्षात तीन. प्राइस 1893 मध्ये गेला. त्याची चिता त्याच टेकडीवर पेटली आणि ती पाहायला वीस हजार लोक जमले असं सांगतात.

इथून पुढची गोष्ट विलक्षण संथ आहे. 1902 मध्ये कायदा झाला. 1905 मध्ये नट हेन्री आयर्विंग यांची राख वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत ठेवली गेली. 1944 मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपचंच, विल्यम टेंपल यांचं, दहन झालं आणि अँग्लिकन भाविकांच्या मनातली उरलीसुरली धास्ती बरीचशी गेली. तरी दहनांची संख्या दफनांच्या पुढे जायला 1960 च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. आज ब्रिटनमध्ये दर पाच मृतांपैकी जवळपास चौघांना आग मिळते. अमेरिकेत 1960 च्या सुमारास हे प्रमाण शंभरात चारही नव्हतं. 2015 मध्ये तिथेही दहनाने दफनाला मागे टाकलं आणि आता ते साठ टक्क्यांच्या वर आहे. तिथली पहिली आधुनिक भट्टी 1876 मध्ये पेनसिल्व्हेनियात पेटली होती. तो सोहळा मांडणाऱ्यांत थिऑसॉफिस्ट कर्नल ऑलकट पुढे होते. तीनच वर्षांनी ते मॅडम ब्लाव्हाट्स्कींबरोबर मुंबईच्या बंदरात उतरले. त्या मंडळींनी चितेत पूर्वेचं काहीतरी पाहिलं होतं, पण पुढे अमेरिकेला आगीकडे वळवलं ते पूर्वेच्या ओढीने नव्हे. कारणं घरगुती होती. 1963 मध्ये जेसिका मिटफर्ड यांच्या पुस्तकाने अंत्यविधीच्या धंद्यातली लूट चव्हाट्यावर आणली: महागड्या शवपेट्या, शवाला मसाले भरणं, काँक्रीटचे हौद. त्याच वर्षी रोमने कॅथलिकांवरची 1886 पासूनची दहनबंदी उठवली. आणि सगळ्यात मोठं कारण, माणसं एका गावात राहीनाशी झाली. आजोबांची कबर एका राज्यात, मुलं दुसऱ्या, नातवंडं तिसऱ्या. कबर राखायला कुणी नसेल तर कबर कशाला?

हे शेवटचं कारण मला या साऱ्या विषयाचं मर्म वाटतं, आणि म्हणून इथे जरा थांबतो.

पुरलेल्या माणसाला पत्ता असतो. अमुक दफनभूमी, तमुक रांग, दगडावर नाव. रविवारी फुलं घेऊन जायला जागा असते. बोलायचं असलं तर कुणाकडे तोंड करून बोलायचं हे ठरलेलं असतं. जाळलेल्याला पत्ता नसतो. आमच्याकडे त्याची उणीव कधी जाणवली नाही, कारण आमच्या मृतांना तिथी असते. वडील कुठे आहेत असं आपण विचारत नाही, वडिलांची तिथी कधी असं विचारतो. भाद्रपदाच्या वद्य पक्षात त्या दिवशी पान वाढायचं, घास छपरावर ठेवायचा आणि कावळ्याची वाट पाहायची. हे पुण्यात करता येतं, दुबईत करता येतं, कावळ्याची अडचण सोडली तर कुठेही करता येतं. आपल्याकडे मेलेलं माणूस काळात राहतं, जमिनीत राहत नाही.

युरोप-अमेरिकेने आग घेतली, पण तिथी घेतली नाही. घेणार कुठून? ती एका रात्रीत येत नाही. त्यामुळे तिथल्या कुटुंबांच्या हातात दोन-तीन किलो करडी भुकटी आली आणि तिचं करायचं काय हे सांगणारं कुणी नव्हतं. भट्टी आठशे ते हजार अंश तापते, तास-दीड तासात हाडांखेरीज काही उरत नाही, मग ती हाडं यंत्रात दळून कलशात भरून देतात. कलश घरी येतो. कुणी तो शेकोटीच्या फळीवर ठेवतं, कुणी समुद्रावर नेतं, कुणी वडिलांच्या आवडत्या फुटबॉल मैदानाकडे परवानगी मागतं. राख बसवलेली लॉकेटं विकत मिळतात. आपल्या माणसाला हे हास्यास्पद वाटण्याचा संभव आहे. मला वाटत नाही. शतकानुशतकं ज्यांना मृताची जागा ठाऊक होती त्यांनी जागा सोडली, आणि आता ते आपल्या माणसासाठी जागा शोधत आहेत. ते पाहताना जीव कळवळतो.

कॅथलिक चर्चला ही अडचण बरोबर दिसली. 2016 मध्ये रोमने सांगितलं की दहन चालेल, पण राख उधळू नका, घरी ठेवू नका, पवित्र जागी ठेवा. 2023 च्या अखेरीस त्यात थोडी सूट दिली. यामागे धर्मशास्त्र आहेच, पण मला त्यात मृताला पत्ता हवा हा जुना आग्रहही ऐकू येतो. गोव्यातल्या चर्चच्या दफनभूमी पाहिलेल्यांना हा आग्रह समजेल. तिथेही जागा तोकडी, कायमच्या कबरी थोड्यांच्या, बाकीच्या काही वर्षांनी उघडून पुढच्यासाठी वापरतात. तरी 2 नोव्हेंबरला सगळं गाव मेणबत्त्या आणि फुलं घेऊन तिथे लोटतं. त्यांच्याकडे पत्ताही आहे आणि तिथीही. माझी वरची वाटणी गोव्याच्या वेशीवर जरा डळमळते, हे मान्य करायला हवं.

जपानने यातून आपली वाट काढली. 1873 मध्ये तिथल्या सरकारने बौद्ध चालीला विरोध म्हणून दहनावर बंदी घातली. शहरांत पुरायला जागा पुरेना, दोन वर्षांत बंदी उठवावी लागली. आज तिथे जवळपास प्रत्येकाचं दहन होतं. पण भट्टीतून हाडं दळून देत नाहीत. घरची माणसं जोडीजोडीने लांब काड्यांनी हाडं वेचतात, पायाकडून सुरुवात करून डोक्याकडे, म्हणजे कलशात माणूस उभा राहावा. मग तो कलश घराण्याच्या थडग्यात जातो. आमच्या सावडण्याच्या इतकं जवळचं दुसरं काही मी वाचलेलं नाही. दक्षिण कोरियाचं वळण याहून वेगवान. 1990 च्या सुमारास तिथे पाचांतल्या चौघांचं दफन होई, कारण कन्फ्यूशियस परंपरेत पूर्वजांच्या टेकड्या राखणं हे मुलाचं कर्तव्य. आता दहातल्या नवांहून अधिकांचं दहन होतं. एका पिढीत इतका मोठा पालट माणसं जिवंतपणाच्या गोष्टींतही क्वचित करतात.

पण आग ही निवड असते तोवरच ती माणसाच्या बाजूची असते. 2020 मध्ये श्रीलंकेने करोनाने गेलेल्या मुसलमानांनाही सक्तीने जाळलं, ते धोरण बदलायला पुढचा फेब्रुवारी उजाडला. मुंबईत मार्च 2020 मध्ये महापालिकेने असाच फतवा काढला होता, तो त्याच दिवशी मागे घेतला गेला. दफन ज्यांच्या श्रद्धेचा भाग आहे त्यांच्यासाठी चिता ही दुसऱ्यांदा मरण आहे. हे कळायला फार लांब जावं लागू नये. आपल्यातही लिंगायत आपल्या माणसाला बसवून पुरतात, संन्याशाला समाधी देतात, तान्ह्या मुलाला आगीत घालत नाहीत. आणि ज्या गावांत जातीनिहाय वेगळी स्मशानं आजही टिकून आहेत तिथे आपण आगीबद्दल जगाला शिकवावं अशी आपली स्थिती नाही.

उलट दिशेची ओढाताणही आहे. मुंबईच्या पारशांचे मृत डुंगरवाडीवर गिधाडांच्या हवाली होत. जनावरांना देण्याच्या डायक्लोफिनॅक औषधाने गिधाडं संपली, 2006 मध्ये त्या औषधावर बंदी आली तेव्हा उशीर झाला होता. आगीला पवित्र मानणाऱ्या, म्हणूनच तिच्यात प्रेत न घालणाऱ्या या समाजातल्या काहींनी 2015 मध्ये वरळीच्या स्मशानात पारशी प्रार्थनागृह सुरू केलं. त्यावरचा वाद अजून शमलेला नाही आणि तो मला अतिशय प्रामाणिक वाद वाटतो.

इंग्लंडात गेलेल्या आपल्या लोकांची कथा या पुस्तकात सविस्तर आहे. पहिल्या महायुद्धात ब्रायटनच्या इस्पितळांत वारलेल्या 53 हिंदू आणि शीख शिपायांना पॅचमच्या टेकडीवर अग्नी दिला. त्या जागी 1921 पासून संगमरवरी छत्री आहे, तिचा आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुणाने केला होता. नंतर स्थायिक झालेल्यांच्या वाट्याला आल्या बंद भट्ट्या, अर्ध्या तासाची ठरीव वेळ आणि अग्नी द्यायला एक बटण. न्यूकॅसलच्या डेव्हेंदर घई यांनी उघड्या चितेच्या हक्कासाठी कोर्टात दाद मागितली आणि 2010 मध्ये अपील न्यायालयाने मान्य केलं की भिंती असलेल्या, वरून उघड्या बांधकामात ते कायद्यात बसू शकतं. प्राइसच्या टेकडीपासून सुरू झालेला प्रवास असा सव्वाशे वर्षांनी पुन्हा लाकडाच्या चितेपाशी आला.

आग स्वच्छ आहे हा थॉम्प्सनचा विश्वासही आता तपासला जातो. आपल्याकडे एका सरणाला काही शे किलो लाकूड लागतं, तिकडे भट्टीला गॅस लागतो आणि दातांत भरलेल्या मिश्रधातूतला पारा धुराड्यातून बाहेर पडतो. इंग्लंडात रेडिच इथे 2013 पासून भट्टीच्या उष्णतेवर पोहण्याचा तलाव गरम करतात. आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी आगीऐवजी अल्कधर्मी पाण्यात विरघळणं निवडलं. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याने 2019 मध्ये मानवी देहाचं खत करायला कायद्याने परवानगी दिली. थॉम्प्सनच्या ज्या हिशेबाने लोक हादरले होते, तो दीडशे वर्षांनी कायदा झाला.

आता आमच्याकडच्या रीतीकडे येतो. कोल्हापुरात दहनाला अजून शेणी वापरतात. होळी लहान करून शेणी स्मशानाला द्यायची अशी मोहीम दर वर्षी निघते, आणि महापालिका दहनाचे पैसे घेत नाही. माझे वडील गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी आम्ही रक्षा सावडली. नदीत सोडायची नाही हे त्यांनीच सांगून ठेवलं होतं. अलीकडे आमच्या भागात कितीतरी घरं तसं करतात. शेताच्या बांधाला खड्डा काढला, रक्षा त्यात घातली, वर आंब्याचं रोप लावलं. गावची माणसं आलेली होती. आमच्याकडे दहनाला जायचं असलं तरी ‘मातीला जायचंय’ असंच म्हणतात. हा शब्द मी आयुष्यभर ऐकला होता, पण रोपाभोवती माती दाबताना तो पहिल्यांदा लक्षात आला.

संध्याकाळी आत्याने कोकणातून फोन करून तिथी विचारली, कॅलेंडरवर खूण करायला. रात्री लेस्टरहून पुतण्याचा निरोप आला, आंबा लावला त्या जागेचं लोकेशन पाठवा म्हणून. मी दोघांनाही हवं ते कळवलं. रोपाला आता चार वर्षं झाली. यंदा पहिल्यांदा मोहोर धरला होता, अवकाळीने बराचसा झडला.